एमडी-एमएसचा थिसिस सगळेच करतात. निवासी डॉक्टरांना संशोधन शिकवायचं कुणी?

वॉर्ड_नऊ

नमस्कार. मी एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिन शिकवते. गेल्या पंधरवड्यात आमच्या विभागातल्या चौघांचे थिसिस (पदवीसाठी लिहायचे संशोधन-प्रबंध) बाइंडिंगहून आले. जाड पुठ्ठा, सोनेरी अक्षरं, शेवटी घडी घालून लावलेला मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या रुग्णांच्या नोंदींचा तक्ता. चौघांपैकी एकीला मी सहज विचारलं, "तुझ्या थिसिसचा प्रश्न काय होता गं? एका वाक्यात सांग." तिनं शीर्षक पाठ म्हणून दाखवलं. मी म्हटलं, शीर्षक नको, प्रश्न सांग. ती गप्प झाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलगी हुशार आहे, रात्री तीन वाजता सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत नळी) टाकताना तिचा हात हलत नाही. पण तीन वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. तिची गाइड मीच होते.

त्या दिवसापासून हा विषय मनातून जात नाही, म्हणून हा धागा.

आपल्याकडे एमडी-एमएस करणाऱ्या प्रत्येकाला थिसिस लिहावाच लागतो. म्हणजे दर वर्षी हजारो तरुण डॉक्टर रुग्णाशेजारी उभे राहून काही ना काही मोजत असतात. पहिल्या वर्षी आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) चेन्नईच्या संस्थेचा संशोधनपद्धतीचा ऑनलाइन कोर्स सक्तीचा आहे. सिनॉप्सिस (अभ्यासाचा आराखडा), एथिक्स कमिटी, सीटीआरआयवर (वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंदणी, सगळ्या पायऱ्या कागदावर आहेत. मग एवढ्यांतून पुढे रुग्णही तपासणारे आणि संशोधनही करणारे डॉक्टर इतके थोडे का निघतात?

माझं उत्तर असं: पायऱ्या आहेत, पण हात धरून चढवणारं माणूस नाही आणि चढायला वेळही नाही. कोर्स व्हिडिओ बघून पास होता येतो. प्रश्न कसा विचारायचा हे मात्र कुणाच्या तरी शेजारी बसूनच शिकता येतं, जसं लंबर पंक्चर (मणक्यातून पाणी काढणं) शिकतो तसं.

मी जेआर वन (पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर) होते तेव्हा माझा विषय मला कॉरिडॉरमध्ये मिळाला. राउंड संपवून सर लिफ्टकडे निघाले होते, मी मागे धावले. "लिव्हरमध्ये कर काहीतरी, पेशंट भरपूर आहेत." लिफ्टचं दार बंद झालं. पुढची अडीच वर्षं मी लिव्हरमध्ये काहीतरी केलं.

खरं शिक्षण नंतर झालं, लेक्चरर झाल्यावर, दुसऱ्या शहरात. तिथे एक ज्येष्ठ मॅडम होत्या. दर गुरुवारी दुपारी तीन ते चार त्यांच्या खोलीचं दार बंद असायचं आणि आत आम्ही दोघीच. पहिल्या गुरुवारी मी माझा प्रोफॉर्मा (प्रत्येक रुग्णाची माहिती भरायचा तक्ता) नेला. त्यात 48 रकाने होते. त्यांनी लाल पेन घेतलं आणि पहिल्या रकान्यावर टेकवलं. "हे कशासाठी?" मी सांगितलं. पुढचा. "हे कशासाठी?" "मॅडम, सगळे घेतात म्हणून." रेघ. असं करत तासाभरात 17 उरले. म्हणाल्या, "आता तुला काय शोधायचंय ते मला दिसायला लागलं. तुला दिसतंय का?" त्या एका तासात मी जे शिकले ते आधीच्या तीन वर्षांत शिकले नव्हते.

त्या गुरुवारचा तास प्रत्येक निवासी डॉक्टरला मिळावा, असं मला मनापासून वाटतं. इथे निवासी आहेत, गाइड आहेत, परदेशात शिकणारेही आहेत. तुमच्याकडे काय चालतं ते लिहा.

---

जेआर२_सर्जरी

मॅडम, वाचून गलबलून आलं. आमच्याकडे सीनियरच्या पेन ड्राइव्हमध्ये जुने थिसिस असतात. त्यातला एक विषय घ्यायचा, वर्षं बदलायची, सिनॉप्सिस सहा महिन्यांत द्यायचा. इमर्जन्सी संपवून खोलीवर आल्यावर पाठ टेकायची की साहित्याचा आढावा लिहायचा? मला शिकायचं आहे हो. पण विचारायचं कुणाला?

---

मेपलपान

मी कॅनडात मेडिसिनचा रेसिडेंट आहे, मूळचा नाशिकचा. इथे रॉयल कॉलेजचा (तज्ज्ञ डॉक्टरांना प्रमाणपत्र देणारी संस्था) 'क्लिनिशियन इन्व्हेस्टिगेटर प्रोग्रॅम' आहे, 1995 पासून. रेसिडेन्सीत राहूनच किमान दोन वर्षं संशोधनासाठी वेगळी काढायची. त्या काळात आठवड्यातला बहुतेक वेळ संशोधनाचा, क्लिनिक थोडं. बरेच जण त्यातच एमएस्सी किंवा पीएचडी करतात. मी सध्या त्याच दोन वर्षांत आहे.

यात सर्वांत मोलाचं काय असेल तर ते पैसा किंवा प्रयोगशाळा नव्हे. माझ्या वेळापत्रकावर विभागाची सही आहे, ते मोलाचं. बुधवारी वॉर्डातून फोन आला तर दुसरा रेसिडेंट घेतो, मला अपराधी वाटावं लागत नाही. दुसरं म्हणजे माझ्यामागे एकच गाइड नाही, तिघांची समिती आहे. एक माझ्या विषयातले, एक आकडेवारीतले आणि तिसऱ्या बाई पूर्णपणे वेगळ्या शाखेतल्या. सर्वांत अवघड प्रश्न त्याच विचारतात.

अमेरिकेत ही चिंता फार जुनी आहे. जेम्स वाइनगार्डन यांनी 1979 मध्येच न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं की रुग्ण तपासणारा संशोधक ही जमात नामशेष होत चालली आहे. तिथे तरुण डॉक्टरांना एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेची के-23 सारखी अनुदानं मिळतात, त्यांत किमान 75% वेळ संशोधनाला देण्याची अटच असते आणि मेंटरचं नाव अर्जातच लागतं. अलीकडे आर-38 म्हणून योजना आहे, ती तर थेट रेसिडेंट्ससाठी, रेसिडेन्सीतच एक-दोन वर्षं संशोधन.

एक गोष्ट सांगतो, मला ती फार आवडते. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन बॉस्टनला मॅसॅच्युसेट्स जनरलमध्ये एकत्र रेसिडेंट होते. तिथून दोघं एनआयएचला गेले. तिथल्या वॉर्डात गोल्डस्टाइनना दोन भावंडं भेटली, सहा आणि आठ वर्षांची. रक्तात कोलेस्टेरॉल इतकं, की त्या वयात हृदयविकार. ही भावंडं त्यांच्या डोक्यातून गेली नाहीत. पुढे डॅलसला दोघांनी मिळून रक्तातलं कोलेस्टेरॉल पेशीत ओढून घेणारा एलडीएल रिसेप्टर शोधला, 1985 चं नोबेल. वॉर्डात रुग्ण दिसला आणि त्याच वेळी शेजारी मूलभूत विज्ञान शिकवणारे गुरू होते, म्हणून ते घडलं. आपल्या वॉर्डांत असे रुग्ण रोज दिसतात.

---

थेम्सकाठ

इंग्लंडमधली माहिती थोडक्यात. 2005 मध्ये वॉलपोर्ट समितीचा अहवाल आला, त्यातून 'अकॅडेमिक क्लिनिकल फेलो' ही जागा निर्माण झाली. साधारण तीन वर्षं, 25% वेळ संशोधनाचा. काही जण आठवड्यातला सव्वा दिवस घेतात, काही सलग महिने काढतात. माझं मत: सलग महिने बरे. आठवड्यातला एक दिवस बघता बघता ओपीडी गिळते.

---

जुना_स्टेथो

मी 31 वर्षं शिकवतो आहे, त्यातली नऊ विभागप्रमुख म्हणून. वॉर्ड_नऊ, तुमची तळमळ पोचली. पण गाइडची बाजूही इथे यायला हवी.

आज माझ्या नावावर तीन बॅचचे मिळून सात थिसिस आहेत. सोमवारची ओपीडी सकाळी नऊला सुरू होते, शेवटचा रुग्ण दुपारी अडीच-तीनला. त्यानंतर कोर्टाचे समन्स, औषध खरेदीच्या बैठका, निरीक्षणाची तयारी. पदव्युत्तर जागा वाढत गेल्या, शिक्षक त्या मानाने वाढले नाहीत. कॅनडात तिघांची समिती असते हे वाचून आनंद झाला, पण माझ्याकडे तीन जणांत दोन युनिटं चालतात. गुरुवारचा तास मलाही द्यायचा आहे. तो आणू कुठून?

आणि निवासींच्या वेळाचं म्हणाल, तर 1992 च्या केंद्रीय निर्देशांत आठवड्याला 48 तास लिहिले आहेत. ते कागदावरच राहिले. ज्या मुलानं सलग 30 तास काढले त्याला मी कुठल्या तोंडानं संदर्भ वाचून ये म्हणू?

तरीही एक सांगतो. डॉ. रुस्तम जल वकिलांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम नोंदवला, 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तो छापून आला, 1957 मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. त्यांचा अभ्यास 50 रुग्णांचा होता. केईएममध्येच तो झाला. आपल्या रुग्णालयांतून जगाला उपयोगी पडेल असं काही निघतं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. माझा मुद्दा इतकाच की गुरूच्या वेळालाही राखण हवी.

---

सावित्रीचा_काठ

महाडजवळ प्रॅक्टिस करतो, म्हणून बावस्कर सरांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचू चावलेली मुलं, शेतमजूर डोळ्यांसमोर जायचे. छातीत पाणी भरायचं, खेळ संपायचा. सर रुग्णाशेजारी रात्र रात्र बसून नोंदी ठेवायचे. मग पुण्याला जाऊन एमडी केलं आणि पुन्हा कोकणातच परत आले. प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीबद्दलचं त्यांचं लेखन 1986 मध्ये लॅन्सेटमध्ये आलं. आज कोकणातल्या कुठल्याही दवाखान्यात विंचवाचा रुग्ण आला की त्या गोळीची आठवण आधी होते.

आता लोक म्हणतात, "बघा, त्यांना कुठे मेंटर होता?" मला हे म्हणणं पटत नाही. एक माणूस एकट्यानं वाट काढून गेला. पण तशीच नजर असलेले आणखी किती जण पीएचसीत, तालुक्याला, नोंदी वहीत ठेवून निवृत्त झाले असतील? माझ्याही कपाटात सर्पदंशाच्या अशा दोन वह्या आहेत. त्यांचं काय करायचं हे सांगणारं मला कुणी भेटलं नाही. आज 54 वर्षांचा आहे.

---

मध्यक

मी वैद्यकीय महाविद्यालयात बायोस्टॅटिस्टिक्स बघते. निवासी माझ्याकडे येतात ते बहुतेक वेळा थिसिस जमा करायच्या महिनाभर आधी, लॅपटॉप उघडून. "मॅडम, पी व्हॅल्यू काढून द्या." एक्सेल बघते तर वयाच्या रकान्यात कुठे '45', कुठे '45 वर्षं', कुठे 'पंचेचाळीस'. मधुमेहाच्या रकान्यात 'हो', 'वाय', 'डीएम प्लस'. त्या मुलांवर रागवावंसं वाटत नाही, कारण पहिल्या दिवशी त्यांना माझ्याकडे कुणी पाठवलंच नाही.

सॅम्पल साइझचंही, म्हणजे किती रुग्ण घ्यायचे याचंही, तसंच. सगळ्यांच्या सिनॉप्सिसमध्ये चार-पी-क्यू भागिले डी-वर्ग हे सूत्र असतं. पी म्हणजे ती गोष्ट अंदाजे किती टक्क्यांत आढळेल, क्यू म्हणजे 100 वजा पी. त्यातला डी म्हणजे किती चूक मला चालेल, हे ठरवायला आधी आपल्याला काय शोधायचंय ते ठाऊक हवं. पी 50 धरला आणि 10 टक्क्यांची चूक चालवून घेतली तर 100 रुग्ण लागतात, 5 टक्क्यांचीच चालवली तर 400. हा फरक गणिताचा वाटतो, पण निर्णय डॉक्टरचा आहे.

जुना_स्टेथो सर, तुमचा तास थोडा वाचवता येईल. सहगाइड म्हणून आमच्या विभागातलं किंवा पीएसएममधलं (सामाजिक आणि प्रतिबंधक वैद्यक) कुणीतरी पहिल्या दिवसापासून जोडा. आम्ही प्रश्न घडवायलाही बसू, फक्त शेवटी आकडे पुसायला बोलावू नका.

---

आईचा_मुलगा

मी डॉक्टर नाही. चार वर्षांपूर्वी आई सरकारी रुग्णालयात दाखल होती. एका तरुण डॉक्टर बाईंनी थिसिससाठी तिचं जास्तीचं रक्त घेऊ का, असं विचारलं. संमतीपत्र मराठीत होतं, त्यांनी खाटेवर बसून ओळ न् ओळ वाचून दाखवलं. "नाही म्हणालात तरी उपचार असेच चालतील," हे दोनदा सांगितलं. आई म्हणाली, "घे बाई, तुझा अभ्यास होऊ दे." आई नंतर गेली. त्या अभ्यासातून काय निघालं हे मला कधीच कळलं नाही. तक्रार नाही माझी. पण तिचं रक्त कपाटातल्या पुस्तकात राहू नये असं वाटतं.

---

वॉर्ड_नऊ

@आईचा_मुलगा, दादा, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. तुमची आई म्हणाली ते 'तुझा अभ्यास होऊ दे' हेच आमच्यावरचं ऋण आहे. प्रश्न धड न घडवता रुग्णाच्या दंडाला सुई लावणं हे चुकीचं आहे, एथिक्सचा शिक्का असला तरी. माझ्या पुढच्या बॅचला मी तुमचे शब्द वाचून दाखवणार आहे, तुमची हरकत नसेल तर.

@जुना_स्टेथो सर, तुमचं म्हणणं मान्य. गाइडचा वेळही ड्यूटी रोस्टरवर यायला हवा, ओपीडी येते तसा. तोवर माझ्यापुरतं मी ठरवलंय: तीन बॅचची मुलं एकत्र, आठवड्यातून एक तास, दर वेळी एकाचाच प्रश्न. तिसऱ्या वर्षाची मुलं पहिल्या वर्षाच्या मुलांना धारेवर धरतील, तेही शिक्षणच. टाटा रुग्णालयाची मंडळी 'क्रेडो' नावाची निवासी कार्यशाळा घेतात, तिथे कर्करोगाचे तरुण डॉक्टर कल्पनेचं एक पान घेऊन जातात आणि आठवड्याभरात अनुभवी लोकांच्या शेजारी बसून पूर्ण प्रोटोकॉल लिहून बाहेर पडतात. शेजारी बसणं हीच पद्धत.

आणि टाटाचाच एक प्रश्न मी मुलांना नेहमी सांगते. तोंडाचा कर्करोग सुरुवातीच्या टप्प्यात आहे, मानेत गाठ हाताला लागत नाही. मानेची शस्त्रक्रिया तेव्हाच करायची की गाठ आल्यावर? एका वाक्यात मावतो. उत्तर 2015 मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आलं: तेव्हाच केली तर तीन वर्षांनी 80% रुग्ण हयात, थांबून केली तर 67.5%. हा प्रश्न रोज ओपीडीत बसणाऱ्या सर्जनलाच पडू शकतो.

@सावित्रीचा_काठ, त्या दोन वह्या टाकू नका. मला निरोप धाडा. जुन्या नोंदी वापरायलाही एथिक्सची परवानगी लागेल, पण वाट आहे.

@जेआर२_सर्जरी, तू विचारलंस "कुणाला विचारायचं?" इथेच विचार. वॉर्डात तुला सर्वांत जास्त काय खुपतं?

---

जेआर२_सर्जरी

डायबेटिक फूट, मॅडम, मधुमेहामुळे चिघळलेला पाय. पाय काळा पडल्यावर येतात. परवा एक शेतकरी आजोबा आले, पायाला हळद आणि कापूस बांधलेला, आतून अळ्या. गुडघ्याखाली काढावा लागला. आजी सारखी विचारत होती, "आधी आलो असतो तर वाचला असता का?" माझा विषय ठरलाय 'डायबेटिक फूटचा क्लिनिकल अभ्यास'. सिनॉप्सिसमध्ये दुरुस्ती करायला गाइड सर हो म्हणालेत, पण काय दुरुस्त करू ते कळत नाही.

---

वॉर्ड_नऊ

प्रश्न तर त्या आजींनीच विचारलाय. आता तो मोजता येईल असा कर. 'आधी' म्हणजे काय? पहिली जखम दिसल्यापासून रुग्णालयात येईपर्यंतचे दिवस? की पहिल्यांदा कुणातरी डॉक्टरला दाखवल्यापासून?

---

जेआर२_सर्जरी

दोन्ही वेगळे आहेत हे आत्ता लक्षात आलं. आजोबा आधी गावातल्या दवाखान्यात गेले होते, तिथे दहा दिवस ड्रेसिंग चालू होतं. म्हणजे घरी किती दिवस गेले आणि दवाखान्यात किती, हे वेगवेगळं लिहायला हवं.

---

मध्यक

छान. पण तारखा कशा काढणार? "किती दिवस झाले" विचारलं की सगळे "आठ-पंधरा दिवस" सांगतात.

---

सावित्रीचा_काठ

सणावर विचार. "पोळ्याच्या आधी दिसली का नंतर? गणपती उठल्यावर? तूर काढायला गेलात तेव्हा चप्पल घालता येत होती का?" गावातल्या माणसाला तारीख आठवत नाही, कामं आठवतात. सोबत नातेवाइकाला वेगळं विचार आणि दोन्ही उत्तरं लिहून ठेव.

---

जुना_स्टेथो

आणखी एक. वॉर्डात येतात ते बिघडलेलेच. ज्यांची जखम गावातच बरी झाली ते तुला दिसणारच नाहीत, मग दिवसांचा आणि पाय जाण्याचा संबंध फसवा निघेल. तुला तीन महिने डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीला जायचंच आहे ना? जिल्हा रुग्णालयाच्या ड्रेसिंग रूममध्ये बस, तिथे लहान जखमा दिसतील. मात्र जिल्हा शल्य चिकित्सकांची लेखी परवानगी आणि एथिक्सची मंजुरी आधी. मंजुरीपूर्वी एकही रुग्ण नोंदवायचा नाही. दर रविवारी रात्री नऊला मी मोकळा असतो. तुझे गाइड हो म्हणाले तर माझ्याशी बोल.

---

जेआर२_सर्जरी

सर, त्यांना आजच विचारलं, हो म्हणाले. आत्ता पहाटेचे दोन वाजलेत, इमर्जन्सी शांत आहे, म्हणून लिहून टाकतो.

'मधुमेही रुग्णाच्या पायाला पहिली जखम दिसल्यापासून त्यानं पहिला डॉक्टर गाठेपर्यंत किती दिवस जातात, तिथून रुग्णालयात पोचेपर्यंत किती जातात, आणि यांपैकी कुठल्या उशिराचा पाय कापावा लागण्याशी जास्त संबंध आहे?'

मॅडम, वाक्य लांब झालंय. रविवारपर्यंत छोटं करतो. रकाने सध्या 22 आहेत.

---

वॉर्ड_नऊ

आण. लाल पेन काढून ठेवते.